घरातच राहणारी मांजर सारखी शिंकते. काळजी कधी करायची?

दिवसातून दोन-चार शिंका, बाकी खाणं-खेळणं नेहमीसारखं, नाकातून फार तर पाण्यासारखा थेंब, एवढंच असेल तर घाबरू नका. आपल्या सोलापुरात धूळ कमी नाही. त्यात घराशेजारी यंत्रमाग असेल तर सुताचा बारीक भुगा खिडकीच्या जाळीवर पांढरा थर धरतो. तो पुसा, कूलरची ताटी धुवा, उदबत्ती आणि मच्छर कॉइल तिच्या खोलीत लावू नका.

"ती बाहेर जातच नाही, मग संसर्ग कुठून?" असं बरेच जण विचारतात. मांजरांचा हर्पिस विषाणू एकदा शिरला की बहुधा जन्मभर अंगात दबून राहतो. घर बदललं, पाहुणे आले, नवं मांजर आणलं की ताणामुळे पुन्हा उचल खातो. तो माणसाला होत नाही.

नाकातून पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड, डोळ्यांना चिपडं, तोंडात फोड किंवा आठवडाभर न थांबणाऱ्या शिंका असतील तर डॉक्टरांना दाखवा. एकाच नाकपुडीतून स्राव किंवा रक्त आलं तरी दाखवाच. आत काही अडकलेलं असू शकतं, दाताचं मूळ सडलेलं असू शकतं. नाक चोंदलं की वास येत नाही, म्हणून मांजर खाणं सोडते. चोवीस तास उपाशी राहिली तर थांबू नका, यकृतावर परिणाम होतो. तोंड उघडून धापा टाकत असेल तर त्याच क्षणी निघा.

आणि हात जोडून सांगते, घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. थोडीशीही मांजरीच्या जिवावर बेतते.