एक दिवस, एक गाईड आणि दर्यावर्दी बाबा

प्रश्न : भाऊ नोकरीनिमित्त ओसाकाला असतो. नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन त्याच्याकडे जातेय. बाबांनी उभा जन्म मासेमारीत काढला, आता गुडघे धरतात. एका दिवसासाठी गाईड ठरवलाय. त्याची यादी अशी : किल्ला, मत्स्यालय, उंच इमारतीवरून शहर, दोतोनबोरी आणि दुपारनंतर क्योतो. झेपेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : तुम्हाला झेपेल, बाबांना नाही. क्योतो आधी काढा. गाडीने अर्ध्या तासावर आहे म्हणून ते यादीत येतं, पण तिथल्या देवळांना वेगळा दिवस हवा. दोतोनबोरीचे कालव्याकाठचे दिवे रात्री भाऊ दाखवेल. गाईड घ्यायचा तो बाबांच्या प्रश्नांना उत्तरं मिळावीत म्हणून.

सकाळी सुमियोशी ताइशाला जा. ओसाकातल्याच नांबा स्टेशनहून नानकाई लाईनची लोकल पकडा, स्टेशनसमोरच देऊळ. दर्यावर्दींचे हे देव. चारही गाभारे पश्चिमेला तोंड करून आहेत, कारण पूर्वी समुद्र इथवर होता. भराव घालत घालत तो लांब गेला. आवारात दगडी दिव्यांचे सहाशेच्या आसपास खांब आहेत, बरेचसे व्यापाऱ्यांनी नि गलबतवाल्यांनी वाहिलेले. कोणी, कशासाठी दिला, हे गाईडकडून दोन-चार खांबांवर तरी वाचून घ्या. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या माणसाला ते ऐकायला हवं. लाल कमानी पूल फार उभा आहे. बाबांना बाजूच्या सपाट वाटेने न्या.

जेवणाच्या वेळेला कुरोमोन बाजार. पर्यटकांमुळे भाव चढे असतात, तेव्हा खा थोडं, बघा जास्त. इथे विक्रेत्याला ‘इकेजिमे’बद्दल विचारायला सांगा. मासा जिवंत असतानाच मेंदूत अणकुचीदार सळई घालून तो एका क्षणात मारतात, रक्त काढून टाकतात, कधी कण्यातून तारही फिरवतात. तडफड होत नाही, त्यामुळे मांस जास्त वेळ घट्ट राहतं. बाबा इथे बराच वेळ रमतील, घाई करू नका.

दुपारी किल्ला. मधला मनोरा 1931 साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे, लिफ्ट आहे, तरी मी तिथल्या रांगेत वेळ घालवणार नाही. साकुरा दरवाज्याच्या आतला ‘ताको-इशी’ हा तटातला अजस्र दगड बघा : दर्शनी भागच जवळपास 60 चौरस मीटर, वजन शंभर टनांच्या वर असल्याचा अंदाज. असले दगड ओकायामाकडून समुद्रमार्गे आणले. हा तट 1620 च्या दशकातला, आपला सिंधुदुर्ग 1664 चा. तो धोंडा होडीवर कसा चढवला असेल, हे बाबा गाईडलाच समजावतील.

मत्स्यालय दुसऱ्या दिवशी तुमचं तुम्ही करा. गाईडला बाबांचे गुडघे आणि व्यवसाय दोन्ही आत्ताच कळवा, लिफ्ट असलेले स्टेशनचे दरवाजे तो आधी बघून ठेवेल. टीप देण्याची तिथे पद्धत नाही. त्याचं प्रवासभाडं, तिकिटं आणि जेवण कोणाकडे, एवढं मात्र आधी ठरवून घ्या.