फोटोंपासून नागपूरचा स्टॉप मोशन व्हिडिओ: आधी काय हलू द्यायचं नाही ते ठरवा

तुम्ही विचारलंय की जुना डीएसएलआर कॅमेरा आहे, त्यात व्हिडिओ काही धड निघत नाही, तर नुसत्या फोटोंपासून नागपूर शहराचा स्टॉप मोशन व्हिडिओ (म्हणजे एकेक फोटो ओळीनं लावून हलतं केलेलं चित्र) करता येईल का, किती फोटो लागतील, आणि घरी कॉम्प्युटरवर आधीच पडून असलेले फोटो चालतील का.

करता येतो. मी सहा-सात वर्षांपासून रविवारी सकाळी हाच उद्योग करतो. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, त्यामुळे यात तोटा झाला तरी फक्त झोपेचा होतो.

आकड्याचं आधी उरकून टाकू. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो. पण एकच फोटो दोन फ्रेम टिकवला तर १२ फोटोंत एक सेकंद भागतो. थोडं उड्या मारत चालणारं ते चित्र डोळ्याला खटकत नाही, उलट स्टॉप मोशनची मजा तिथंच आहे. म्हणजे मिनिटाला ७२० फोटो. पहिला व्हिडिओ २० सेकंदांचा करा, २४० फोटोंचा. मिनिटभर बघायला घरचे सोडून कुणी थांबत नाही, आणि घरचेही मधेच उठतात.

आता मुख्य गोष्ट. माझा पहिला प्रयत्न बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजाराच्या, मेन रोडवर होता. व्हरायटी चौकापासून लोहापुलापर्यंत चालत जायचं आणि दर दोन पावलांना एक फोटो, एवढीच योजना. दुकानांची शटर उघडायच्या आत पाचशेच्या वर फोटो काढले. एका पानठेल्यावाल्यानं विचारलं, "भाऊ, रोड रुंद करून राहिले का?" मी नाही म्हटलं तर त्याचा विश्वास बसला नाही. घरी येऊन फोटो एकामागे एक लावले आणि दहा सेकंदांत मळमळायला लागलं. इमारती वरखाली नाचत होत्या, आभाळ क्षणात निळं क्षणात पांढरं, आणि एका ठिकाणी पांढरा सदरा घातलेला माणूस जवळून गेला तर अख्खा रस्ता काळवंडला.

काळवंडण्याचा दोष कॅमेऱ्याच्या ऑटो सेटिंगचा होता, त्याच्याकडे पुढे येतो. नाचण्याचा दोष माझा. मी रस्ता दाखवायला निघालो होतो, पण रस्त्यात काय स्थिर राहणार हे ठरवलंच नव्हतं. बघणाऱ्याचा डोळा एका जागी टेकलेला असला की बाकी शहर कितीही धावू दे, तो मजेत बघतो. टेकायला जागाच नसेल तर त्याला वाटतं कॅमेरा हातातून पडतोय. म्हणून घरून निघताना ‘काय दाखवू’ हे नंतर, ‘काय हलू देणार नाही’ हे आधी. मी त्याला खुंटी म्हणतो.

खुंटीचा सराव करायला नागपुरात शून्य मैलाच्या स्तंभासारखी दुसरी जागा नाही. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यानं १९०७ साली उभारलेला हा खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी सुरू करा. खांबाचं टोक जाळीच्या एका छेदावर ठेवा, एक फोटो, मग बाजूला एक लहान पाऊल, टोक परत त्याच छेदावर, पुढचा फोटो. असं गोल फिरत राहायचं. अंतर टेपनं मोजायची गरज नाही, फ्रेममध्ये खांबाची उंची जितकी भरत होती तितकीच भरत राहिली तर तुमचं अंतरही तेवढंच आहे. समजा खांबापासून १५ मीटरवर आहात, तर पूर्ण फेरी सुमारे ९४ मीटरची होते. ४० सेंटिमीटरला एक फोटो धरला तर २३५ फोटो, म्हणजे १२च्या हिशेबानं जवळजवळ २० सेकंद. कुंपणामुळे किंवा लावलेल्या गाड्यांमुळे पूर्ण फेरी जमली नाही तर अर्धी करा, तीही छान दिसते.

माझ्या त्या व्हिडिओत खांब जागचा हलत नाही आणि घोडे मात्र त्याच्याभोवती धावत सुटतात. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं १८७८ साली अमेरिकेत १२ कॅमेरे ओळीनं लावून खऱ्या घोड्याची दौड फोटोंत पकडली होती. त्याचा घोडा पळत होता आणि कॅमेरे उभे होते, इथं घोडे उभे आणि आपली दौड. (डिसेंबरात अधिवेशन भरलं की मात्र त्या बाजूला ट्रायपॉड (कॅमेऱ्याची तिपाई) घेऊन जाऊ नका. विधानभवन हाकेच्या अंतरावर आहे, आणि बंदोबस्तावरच्या शिपायाला ‘स्टॉप मोशन’ समजावण्यात माझी एक सकाळ गेली आहे.)

कॅमेऱ्याच्या सेटिंगचा नियम एकच: कॅमेऱ्याला स्वतःचं डोकं चालवू द्यायचं नाही. डायल ‘एम’वर, म्हणजे मॅन्युअलवर. स्वच्छ उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर ८ (लेन्समधलं भोक, आकडा लहान तितकं ते मोठं), शटर १/४०० (सेकंदाचा किती भाग प्रकाश आत येतो ते) इथून सुरुवात करा आणि मग कितीही पांढरे सदरे जाऊ देत, हात लावू नका. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवरून काढून सूर्याच्या चिन्हावर. फोकस एकदा खुंटीवर धरा आणि लेन्सवरची कळ ‘एम’कडे सरकवा.

एवढं करूनही चित्र किंचित लुकलुकतं, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगतो. डीएसएलआरमध्ये अ‍ॅपर्चरची पाती दर फोटोला मिटतात आणि उघडतात, आणि दर वेळी तंतोतंत तेवढीच मिटत नाहीत. एका फोटोत तो फरक कळत नाही, ओळीनं २४० फोटो लावले की दिसतो. उपाय म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं, म्हणजे पात्यांना मिटायचं कामच नाही. सोबतच्या साध्या लेन्सला ३.५ ठेवाल तर भर उन्हात शटर १/२०००च्या आसपास न्यावं लागेल.

पण इतक्या वेगवान शटरनं माणसं आणि गाड्या जागच्या जागी गोठतात आणि व्हिडिओत टुणटुण उड्या मारतात. काहींना तेच आवडतं. मला रहदारी थोडी फरफटलेली आवडते. त्यासाठी लेन्सवर गडद काच लावायची, एनडी ६४ नावाची. ती प्रकाश ६४ पटीनं कमी करते, मग अ‍ॅपर्चर ११ वर उन्हातसुद्धा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं शटर मिळतं. इतका वेळ हातात कॅमेरा धरून चालत नाही, ट्रायपॉड हवाच, आणि पात्यांची लुकलुक थोडी सहन करावी लागते. या काचेचा एक फायदा गर्दीत कळतो. इतवारी किंवा महाल या जुन्या भागांत लोकांचे चेहरे फरफटून पुसट होतात, त्यामुळे ‘माझा फोटो का काढला’ हे भांडण बरंच कमी होतं. तरी कुणी नको म्हटलं तर कॅमेरा खाली. तेवढी एक फ्रेम गेली तर गेली.

संध्याकाळी दिव्यांखाली काढणार असाल तर शटर १/५० किंवा त्याहून संथ ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर त्याहून वेगवान असेल तर एका फोटोत दुकान उजळ आणि दुसऱ्यात मलूल.

एका जागी ट्रायपॉड लावून ठरावीक अंतरानं फोटो घेणं हा त्यातल्या त्यात आरामाचा प्रकार. वाहनांना दर सेकंदाला एक, चालत्या माणसांना दोन सेकंदांना एक, ढगांना चार-पाच सेकंद, सावल्यांना अर्धा मिनिट. यासाठी माझी सगळ्यात लाडकी जागा गड्डीगोदाम. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो, असे चार मजले एका फ्रेममध्ये येतात. इथं खुंटी म्हणून पुलाचे खांब आहेतच, तुम्ही फक्त थांबायचं. रेल्वे फार वेळा येत नाही, पण आली की त्या दोन सेकंदांसाठी तासभर उभं राहिल्याचं सार्थक होतं. ट्रायपॉडला पाण्याची बाटली लटकवून ठेवा, ट्रक गेला की तो हलतो.

गर्दीत ट्रायपॉड अशक्य असतो तेव्हा खुंटी घरी येऊनही बसवता येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत (इडापिडा घेऊन जाणारी मोठी बाहुली) मिरवणुकीनं निघते, तेव्हा मी मित्राच्या गच्चीवरून पिवळ्या मारबतीचे चारेकशे फोटो हातानंच काढले. खालून ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर, गच्चीवर त्याच्या नातलगांची रेटारेटी, कॅमेरा कधी डावीकडे कधी उजवीकडे. कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटो सरकवून, लहानमोठा करून मारबतीचा डावा डोळा एकाच बिंदूवर आणला. चारशे फोटोंना चार रात्री गेल्या. पण आता तिचा डोळा तुमच्याकडे रोखलेला आहे आणि बाकी अख्खी इतवारी तिच्यामागून वाहत जाते. असं सरकवायचं तर फोटो काढताना भोवती मोकळी जागा सोडा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो आणि नेहमीचा एचडी व्हिडिओ फक्त १९२०, त्यामुळे कापायला भरपूर वाव आहे. याच एका बाबतीत तुमचा जुना कॅमेरा मोबाईलच्या व्हिडिओला मागे टाकतो.

जोडणीसाठी मी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरतो. ओळीनं क्रमांक असलेले फोटो ते एक क्लिप म्हणून उचलतं, मग क्लिपच्या गुणधर्मांत वेग १२ किंवा २४ करायचा. एक खड्डा आहे: बऱ्याच कॅमेऱ्यांत फाइलचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ होतो. माझा एकदा बरोबर तेलंगखेडीच्या तलावावर झाला आणि व्हिडिओत सूर्य आधी मावळला, मग अर्धा वर आला. सगळ्या फायलींना काढलेल्या वेळेच्या क्रमानं नवीन नावं द्या, आणि क्रमांक ०००१, ०००२ असे चार आकडी. नुसते १, २, ३ दिले तर काही ठिकाणी १ नंतर १० येतो. मोबाईलवरच करायचं असेल तर स्टॉप मोशन स्टुडिओ हे अ‍ॅप घ्या. त्यात आधीचा फोटो पुसट दिसत राहतो, त्यावर नवीन जुळवता येतो.

ऊन हा नागपूरचा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो, कॅमेऱ्याआधी तुम्हीच बंद पडाल. एक अपवाद २६ मेच्या आसपासचा. त्या सुमारास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. गच्चीवर एक तांब्या उलटा ठेवा, दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो. तासाभरात १२० फोटो, १० सेकंदांचा व्हिडिओ. डोक्याला दुपट्टा बांधा.

आणि कृपा करून हातात संत्रं धरून शहरभर फिरवू नका. सगळे तेच करतात.

राहिला जुन्या फोटोंचा प्रश्न. चालतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यात भारी निघतात. फक्त त्यांच्यात एक समान वस्तू सापडली पाहिजे. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटासाठी पैसे उभे करायला आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ महिनाभराहून जास्त टिपून मिनिटभराची फिल्म केली होती. कुंडी जागची हलली नाही म्हणून रोप वाढताना दिसलं. तुमच्या फोटोंत अशी कुंडी शोधा. एकच गल्ली, एकच गच्ची, गाडीचं एकच स्टँड.

माझ्याकडे वर्धा रोडच्या एका खोलीच्या खिडकीतून काढलेले ६१ फोटो होते. मेट्रोचं काम २०१५ साली सुरू झालं तेव्हापासून २०१९ मध्ये गाडी धावेपर्यंत, मनात येईल तेव्हा काढलेले. कसलीही योजना नव्हती, कधी महिनाभरात चार, कधी सहा महिने एकही नाही. जोडले तर पाच सेकंदांचा व्हिडिओ झाला. खुंटी म्हणून मी समोरचं कडुनिंबाचं झाड धरलं होतं, त्याचा बुंधा प्रत्येक फोटोत एकाच जागी आणत गेलो. तिसाव्या फोटोपर्यंत काम सुरळीत चाललं. एकतिसाव्यात झाडच नव्हतं. मग सगळे फोटो पहिल्यापासून परत जुळवले, खिडकीच्या गजावर.