पिंप शेरीचं, भोक पेन्शनला

इंग्लंडातल्या रेडिंगहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४१, पगार ६० हजार पौंड. चार वर्षांपूर्वी पाच वर्षांचं कर्ज काढून १२ हजार पौंडांना स्कॉटलंडमधल्या स्पेसाइडच्या सिंगल माल्ट व्हिस्कीचं एक पिंप घेतलं, गुंतवणूक म्हणून. अडीचशे लिटरचं, शेरीचं (म्हणजे आधी शेरी ही स्पॅनिश वाइन मुरवलेल्या लाकडाचं), आतली व्हिस्की तेव्हा १४ वर्षं मुरलेली. विकणारे म्हणतात, तीस वर्षांचं होईपर्यंत हात लावू नका, वर्षाला १२ टक्के सुटतील. प्रश्न : थांबू की विकू? आणि जाता जाता एक ओळ : ‘हप्ता जड जातो म्हणून ऑफिसच्या पेन्शनमधून नाव काढलं. मध्ये त्यांनी परत घातलं, मी परत काढलं. नाहीतरी म्हातारपणी पुण्यालाच जायचंय.’

साहेब, दुखणं त्या शेवटच्या ओळीत आहे.

तुम्ही लिहिलंय, तुम्ही पगाराचे ५ टक्के घातलेत तर कंपनीही तेवढेच घालते. म्हणजे तुमचे वर्षाला ३ हजार, त्यांचे ३ हजार. तुमचा वरचा पगार ४० टक्के कराच्या पट्ट्यात, त्यामुळे तुमच्या ३ हजारांनी हातातले कमी होतात फक्त १,८००. महिन्याला दीडशे वाचवायला वर्षाला ६ हजारांवर पाणी सोडलंत. एकट्या कंपनीचेच चार वर्षांत १२ हजार गेले. पिंपाची किंमत किती होती म्हणालात?

पैसे काढताना कर लागेल, मान्य. पण साधारण चौथा हिस्सा करमुक्त मिळतो. आणि पुण्याचं म्हणाल, तर ही पेन्शन भारतात राहूनही काढता येते. तुमच्या वेळी सत्तावन्नाव्या वर्षापासून. इथल्या कायद्यानं मालकाला दर तीन वर्षांनी बाहेर पडलेल्यांना परत आत घ्यावं लागतं. सरकारनं तुम्हाला दुसरी संधी दिली आणि तीही तुम्ही फॉर्म भरून परत केलीत! सोमवारी एचआरला लिहा, परत घ्या म्हणून. हप्ता आणखी वर्षभरच आहे. महिन्याचे दीडशे बाहेरच्या जेवणातून काढा.

आता पिंप. अडीचशेचा हप्ता साठ महिने, म्हणजे ते तुम्हाला १५ हजारांना पडलं. १२ टक्क्यांनी पैसे सहा वर्षांत दुप्पट, बारा वर्षांत चौपट. तेवढ्यात आतला माल मात्र घटणार. दरवर्षी साधारण दोन टक्के उडून जातो. स्कॉटलंडात त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. अडीचशे लिटरचे अठराव्या वर्षी पावणेदोनशेच्या आसपास, तिसाव्याला एकशेपस्तीस. अल्कोहोल ४० टक्क्यांखाली घसरलं तर त्याला स्कॉच म्हणताच येत नाही. जुनं तितकं सोनं हे पिंपाला सरसकट लागू नाही. वेळेवर मोजमाप केलं नाही, तर महागडं लाकडी पाणी उरतं.

तुम्ही १९२६ च्या मॅकॅलन व्हिस्कीचा दाखला दिलाय. २०२३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात तिची एक बाटली २१ लाख पौंडांच्या वर गेली, खरंच. पण साठ वर्षं मुरवून त्या पिंपातून १९८६ मध्ये ४० बाटल्या भरल्या, त्याही डिस्टिलरीनं, म्हणजे ती व्हिस्की गाळणाऱ्या कारखान्यानं, स्वतःच्या नावानं. तुमच्या कागदावर डिस्टिलरीचं नाव लेबलवर छापायची परवानगी आहे का? बहुधा नसेल. आणि ‘शेरीचं पिंप’ म्हणजे चौदाही वर्षं शेरीच्या लाकडात, की शेवटचे सहा महिने तिकडे ओतलेलं? दोन्हींना विक्रेते एकाच तोंडानं शेरीचं म्हणतात.

करमुक्त नफा, असंही त्यांनी सांगितलंय. पिंपावर बहुतेकदा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे खरं. आधी नफा होऊ दे. या धंद्यावर एफसीएचा, म्हणजे इथल्या वित्तीय नियामकाचा, वचक नाही. कंपनी बुडाली तर भरपाई योजनाही नाही.

तुमच्याकडचं रंगीत सर्टिफिकेट फ्रेम करण्यापुरतंच. विक्रेत्याला न विचारता पिंप जिथं ठेवलंय त्या गोदामवाल्याला थेट पिंपाचा नंबर कळवा आणि विचारा, मालक म्हणून तुमच्या वहीत कोणाचं नाव आहे? डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे पिंप माझ्या नावावर करा अशी विक्रेत्याची लेखी सूचना, आली होती का? तुमचं नाव निघालं, तर आत किती लिटर आणि किती टक्के अल्कोहोल आहे ते मोजून घ्या, दोन त्रयस्थ दलालांकडून भाव मागवा आणि १२ हजारांच्या आसपास कोणी देत असेल तर विका. कर्ज त्यातून फेडा. नाव निघालं नाही, तर थांबू की विकू हा प्रश्नच उरत नाही; वकील गाठा.