रग्बी लीगमध्ये फुलबॅकला (सगळ्यात मागच्या खेळाडूच्या जागेवर) नवीन आहेस? आधी मांड्या सांभाळ

भाऊ, एक नंबरची जर्सी म्हणजे मागे उभं राहून किक झेलायची आणि लगेच सुसाट सुटायचं. म्हणून इथे आधी दगा देतो तो हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. नवखे लांब ढांगा टाकतात. टाच शरीराच्या पुढे पडते, ब्रेक लागतो आणि ताणलेल्या स्नायूवरच भार येतो. पाऊल कमरेखाली पडू दे, छोटं पण भरभर.

- पूर्ण वेगाने आठवड्यात दोनदाच: ४० मीटरच्या ४ धावा, मध्ये २-३ मिनिटं विसावा. (घाई सगळेच करतात.)
- नॉर्डिक कर्ल (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणी धरलेले, अंग हळूहळू पुढे झुकवायचं) ५-५ चे २ सेट. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील, चालायचंच.
- वळण्याआधी छोट्या पावलांनी वेग तोड, गुडघा आत झुकू देऊ नको.

मे महिन्यात नागपूरचं मैदान दगड होतं, सराव पहाटेच उरक. साइडस्टेप (धावताना झटकन बाजूला पाऊल टाकून चकवणं) सध्या राहू दे.