लक्ष्मीचे दोन हात आणि आजीचं स्टूल

मागच्या अंकात कलाकार पुष्पमाला एन. यांच्या फोटोंवर चार ओळी लिहिल्या होत्या. गाजलेली जुनी चित्रं घ्यायची, त्यातली बाई आपण व्हायचं, आणि तसाच सेट लावून फोटो काढायचा, असं काम. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार घेते.

ताई, राग मानू नका, पण रविवर्म्याची लक्ष्मी बनून फोटो काढला यात कला कसली? आमच्या सोसायटीच्या गणपतीत फॅन्सी ड्रेसला दरवर्षी तीन लक्ष्म्या असतात. (एक वाचक, डोंबिवली)

राग कसला, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. पण फॅन्सी ड्रेसमध्ये आपण काय बघतो, तर पोरगी किती लक्ष्मीसारखी दिसतेय. इथे नेमकं जे जमत नाही तेच बघायचं असतं.

रविवर्म्याची लक्ष्मी आठवा, ती आपल्या सगळ्यांच्या घरात कधी ना कधी भिंतीवर होतीच. त्यांचा प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि तिथून ही चित्रं घरोघरी गेली. चित्रातल्या लक्ष्मीला चार हात आहेत आणि ती पाण्यातल्या कमळावर उभीय, तिला वजनच नाही. आता तिथे खरी बाई उभी करा. तिला हात दोनच, आणि पाय जमिनीवर टेकणार. म्हणजे उरलेले दोन हात लावावे लागणार, पाणी रंगवावं लागणार, आणि हे सगळं लावलेलं-रंगवलेलं आहे हे पुष्पमाला लपवत नाहीत. मग एकदम लक्षात येतं की आपण शंभर वर्षं 'देवी अशीच दिसते' म्हणून जिला हात जोडतोय ती पण कुणीतरी नेसवून, दागिने घालून, पोझ देऊनच उभी केलेली होती.

हा फोटो ज्या मालिकेतला आहे तिचं नावच बघा, 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया: मॅनर्स अँड कस्टम्स', अगदी इंग्रजी अंमलातल्या जाडजूड अल्बमसारखं. २००० ते २००४ मध्ये केलेलं काम आहे. त्यात देवी आहे तशी पोलिसांनी पकडलेली बाईपण आहे आणि सिनेमातली चाबूकवालीपण, आणि सगळ्यांना चेहरा एकच, पुष्पमालांचा.

फोटो दुसऱ्यानेच काढला असेल तर सेल्फ पोर्ट्रेट कसं म्हणायचं? (एक वाचक, सातारा)

बटण कुणी दाबलं यावर फार अडकू नका. न्यूयॉर्कच्या सिंडी शर्मन यांनी १९७७ ते १९८० मध्ये स्वतःचेच ७० च्या आसपास फोटो काढले, जुन्या सिनेमांतली दृश्यं वाटतात पण तसे सिनेमे कधी नव्हतेच, आणि बहुतेक वेळा त्या एकट्याच काम करायच्या. पुष्पमालांनी वरची मालिका फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्याबरोबर केली आणि नावं दोघींची लावली, मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. जपानचे यासुमासा मोरिमुरा तर १९८८ मध्ये फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या 'ऑलिम्पिया' या चित्रातली पलंगावरची गोरी बाई पण झाले आणि मागची काळी मोलकरीणही, आणि मूळ चित्रातल्या काळ्या मांजराच्या जागी दुकानात असतं ना, पंजा वर केलेलं जपानी मांजर, ते ठेवलं. ते मांजर दिसलं की हसू येतं आणि मग प्रश्न पडतो, की हा जपानी पुरुष तिथे पलंगावर का?

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ब्रिटिशांच्या काळातल्या आदिवासी बाईच्या फोटोसारखा माझा फोटो करायचाय. चेहरा मेकअपने डार्क करू का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

नको गं. आणि फक्त लोक काय म्हणतील म्हणून नको असं नाही.

पुष्पमालांनी असा एक फोटो केलाय, निलगिरीतल्या तोडा जमातीची बाई, मागे चौकोनाचौकोनांचा पडदा. तो पडदा कुठून आला ते ऐक. लंडनमध्ये १८६९ साली लँप्री नावाच्या माणसाने एक युक्ती काढली, लाकडी चौकटीत दोरे ताणून २-२ इंचांचे चौकोन करायचे आणि माणसाला त्याच्यापुढे उभं करून फोटो काढायचा, म्हणजे फोटोवरूनच उंची, खांदे, सगळं मोजता येतं. कापड दुकानात ताग्यावर पट्टी लावतात तसं. त्यामुळे माझ्या मते त्या फोटोत नक्कल बाईची नाहीच, मापं घेणाऱ्याची आहे, आपलं लक्ष सारखं त्या चौकोनांकडे जातं. तू चेहरा रंगवलास तर बघणारा तुझ्या मेकअपकडे बघेल आणि चौकोन राहून जातील. त्यापेक्षा आहेस तशी, कॉलेजच्या ड्रेसमध्ये, त्या चौकोनांपुढे उभी राहा. गळ्यात आयकार्ड राहू दे. तुझं माप कोण कोण घेतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आजीचा १९५० च्या सुमाराचा स्टुडिओतला फोटो आहे, नऊवारी, नथ, शेजारी फुलदाणीचं स्टूल. तसाच माझा काढायचाय, पण मोबाइलवर काहीतरी वेगळंच येतं. (एक वाचक, कोल्हापूर)

सेल्फी कॅमेऱ्याने काढत असाल तर तोंड फुगणारच, जवळून काढला की नाक मोठं दिसतं. मागचा कॅमेरा वापरा, २एक्स वर ठेवा, आठ-दहा फूट लांब, साधारण कमरेच्या उंचीवर, जुन्या स्टुडिओतला उभा फोटो बराचसा तसाच असायचा. टायमर १० सेकंदांचा लावा. मागचं धूसर करणारा मोड बंद. खिडकी एका बाजूला असू द्या, ट्यूबलाइट बंद करा.

हे सगळं करून पण मला माझ्या आजीचा फोटो जमत नव्हता, चाळीसेक वेळा काढला असेल. साडी तीच, पदर तसाच, तरी मी आपली लग्नाला निघाल्यासारखी दिसत होते. शेवटी मूळ फोटो स्कॅन करून मोठा केला. इतकी वर्षं मला वाटायचं आजीने ऐटीत स्टुलावर हात ठेवलाय. तर तिने स्टुलाची कड मुठीत गच्च पकडलेली, पेरं ताठ झालेली. सोळा-सतरा वर्षांची असेल, पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर. मग मी पण कड तशीच धरली, आणि मान आपोआप तिच्यासारखी झाली.