सोलापुरात मोठी मोटरहोम (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन चालवणं जमेल का?

जमेल, पण पैशाआधी जागा बघा. सात-आठ मीटरची गाडी नवी पेठेत किंवा मधल्या मारुतीकडे घालायचा विचारही नको. ती शहराबाहेर एखाद्या प्लॉटवरच उभी राहणार.

एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर कारचंच लायसन्स चालतं. आरसीवर मात्र ‘मोटर कॅरॅव्हॅन’ अशी नोंद हवी. जुनी मिनीबस आणून आरटीओच्या मंजुरीशिवाय आत पलंग ठोकले, तर उद्या विम्याचेही वांधे.

खरी परीक्षा आपल्या उन्हाची. मे महिन्यात ४२-४३ अंशांत पत्रा असा तापतो की रात्रीही आत बसवत नाही. १२ व्होल्ट, २०० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी म्हणजे जेमतेम २.४ युनिट, एक टनाचा एसी ती दोन-तीन तासांत संपवतो. मग जनरेटर, नाहीतर ढाबेवाल्याला गोड बोलून प्लग. (धूर-आवाजामुळे जनरेटर मला तरी नको वाटतो.)

पाण्याची २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो वजन, आणि अर्धी भरलेली असली की वळणावर हिंदकळते. वळताना मागचं बूड बाहेर फिरतं, तेही लक्षात ठेवा. एसटीच्या एखाद्या निवृत्त ड्रायव्हरकडून चार दिवस शिका. पहिली फेरी हिवाळ्यात भिगवणपर्यंत मारा, फ्लेमिंगोही दिसतील.