सापाच्या पेटीतली आर्द्रता: फवारणीचा नाद सोडा

आधी तो गोल डायलचा, काट्याचा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) बाजूला ठेवा. त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. डिजिटल घ्या आणि त्याचा प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाचा सेन्सर, साप बसतो तिथे, खालच्या बाजूला लावा. पाळीव सापांपैकी बॉल पायथनला साधारण 60 ते 80 टक्के आर्द्रता लागते, कॉर्न स्नेकचं 40 ते 60 मध्ये भागतं.

दिवसातून चार वेळा फवारा मारून आकडा झटकन चढतो आणि तितक्याच झटकन उतरतो. पेटीत अंथरलेल्या भुशाचा वरचा थर मात्र सतत ओला राहतो, आणि त्यावर पोट टेकून बसलेल्या सापाचे खवले सडायला लागतात. त्यापेक्षा नारळाच्या भुशाचा जाड थर द्या आणि पाणी कोपऱ्यांतून ओता, म्हणजे तळ ओलसर, वर कोरडं. मूठभर भुसा दाबून बघा: गोळा व्हावा, पण पाणी टपकता कामा नये.

झाकण जाळीचं असेल तर ओलावा तिथूनच पळतो. बराचसा भाग फॉइलने झाका, दिव्याखालचा मोकळा ठेवा. हवा खेळती हवीच.

डोळे दुधाळ दिसू लागले की कात टाकायची वेळ आली. तेव्हा ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरलेला, साप शिरेल असं भोक पाडलेला डबा आत ठेवा. कात तुकड्यांत निघाली तर शेपटीचं टोक आणि डोळे नीट तपासा. डोळ्यावर अडकलेली कात चिमट्याने ओढायची नाही, अजिबात नाही. आणि साप तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा नाकाशी बुडबुडे दिसले, तर आर्द्रतेशी खेळत बसू नका, थेट पशुवैद्याकडे न्या.